आधी पासंग, मग हळद : करक्युमिनचा आकडा देणारे यंत्र कसे लावतात?

बेळगाव, प्रतिनिधी :

रायबाग, चिक्कोडी पट्ट्यातली हळद वर्षानुवर्षे सांगलीच्या सौद्याला जाते. राज्याची हद्द मध्ये आहे, पण हळदीला ती कधी आडवी आली नाही. सौद्यात हळकुंड मोडून बघायचे, आतला रंग बघायचा, कणी किती, गड्डा किती हे बघायचे आणि भाव बोलायचा ही जुनी रीत अजून चालूच आहे. मात्र अर्क काढणारे कारखाने, औषधी कंपन्या आणि निर्यातदार आता आणखी एक गोष्ट विचारतात : करक्युमिन किती टक्के?

हा आकडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि दोन-चार दिवसांनी कागद येतो. कागदावर २.९ असले तर एक भाव, ३.४ असले तर दुसरा. कधी एकाच पोत्यातला माल दोन प्रयोगशाळांत दिला जातो आणि दोन वेगळे आकडे येतात. मग शेतकरी म्हणतो प्रयोगशाळा खोटी, व्यापारी म्हणतो नमुना खोटा. खरे तर बऱ्याच वेळा दोष दोघांचाही नसतो. यंत्रात हळद जाण्याआधीच्या दोन-तीन तासांत काय झाले, त्यावर बरेच काही ठरलेले असते.

त्या यंत्राचे नाव एचपीएलसी, म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. वेर्णा, वडोदरा, पिथमपूर, हैदराबाद इथल्या औषध कारखान्यांत बी.एस्सी. केमिस्ट्री करून लागलेली आपल्याकडची शेकडो मुले-मुली दिवसभर याच यंत्रापुढे असतात. घरी विचारले तर "मशीनवर काम आहे" एवढेच सांगतात. ते काम नेमके काय, हे हळदीच्या निमित्ताने समजून घेऊ.

एका पिवळ्यात तीन पिवळे

हळदीचा पिवळा रंग एकाच पदार्थाचा नाही. त्यात मुख्यतः तीन भावंडे आहेत : करक्युमिन, डिमेथॉक्सी करक्युमिन आणि बिसडिमेथॉक्सी करक्युमिन. तिघांना मिळून करक्युमिनॉइड्स म्हणतात. तिघांच्या रचनेत फरक फक्त मेथॉक्सी नावाच्या छोट्या गटाचा. पहिल्यात असे दोन गट, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही. साध्या रंगमापक यंत्रात अर्क ठेवला तर तिघांचा मिळून एकच आकडा येतो, आणि कोणी वरून दुसरा पिवळा रंग मिसळला असेल तर तोही त्यात मोजला जाऊ शकतो. एचपीएलसी तिघांना वेगळे करून एकेकाला मोजते.

वेगळे करण्याची कल्पना जुनी आहे. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची पूड भरली आणि वरून झाडाच्या पानांचा अर्क ओतला. खाली उतरता उतरता त्याचे हिरवे, पिवळे पट्टे वेगळे झाले. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. आजच्या यंत्रात नळी पोलादी आहे आणि खडूऐवजी सिलिकाचे बारीक कण आहेत, पण तत्त्व तेच.

या नळीला कॉलम म्हणतात. हळदीसाठी नेहमीचा कॉलम २५० मिलिमीटर लांब, आतून ४.६ मिलिमीटर रुंद. त्यात ५ मायक्रॉनचे कण ठासून भरलेले असतात, आणि प्रत्येक कणावर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या बसवलेल्या असतात. म्हणून त्याला सी-१८ म्हणतात. या कणांमधून सतत एक द्रव ढकलला जातो, तो मोबाईल फेज. तेलकट साखळ्यांशी ज्याचे जास्त जमते तो पदार्थ रेंगाळतो, ज्याचे कमी जमते तो लवकर सुटतो. हळदीत आधी बिसडिमेथॉक्सी, मग डिमेथॉक्सी आणि शेवटी करक्युमिन बाहेर पडते. बाहेर पडल्यावर डिटेक्टर त्यातून ४२५ नॅनोमीटरचा निळसर प्रकाश सोडतो. जो पदार्थ जेवढा प्रकाश गिळेल तेवढा पडद्यावर उंचवटा. त्याला प्रयोगशाळेत 'पीक' म्हणतात. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही, पण शेतकऱ्याच्या पिकाचा भाव त्यावर ठरतो, हेही खरे.

आधी पाणी, मग बाकी सगळे

सकाळी पहिले काम मोबाईल फेज तयार करण्याचे. करक्युमिनसाठी सर्रास वापरले जाणारे मिश्रण म्हणजे अॅसिटोनायट्राइल आणि २ टक्के अॅसिटिक आम्ल घातलेले पाणी, जवळजवळ निम्मे-निम्मे. नेमके प्रमाण पद्धतीत लिहिलेले असते आणि त्यात एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी पीक पुढे-मागे सरकतात. म्हणून दोन्ही द्रव वेगवेगळे मोजायचे आणि मग एकत्र करायचे. एका भांड्यात एक ओतून वर दुसऱ्याने खुणेपर्यंत भरायचे नाही. द्रव मिसळले की एकूण आकारमान थोडे बदलते आणि दोन माणसांची दोन प्रमाणे होतात. शिवाय अॅसिटोनायट्राइल पाण्यात मिसळले की बाटली गार पडते. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर द्रव गरम होता होता बुडबुडे सुटतात आणि ते पुढे पंपात त्रास देतात.

पाणी साधे चालत नाही, डिस्टिल्डही पुरत नाही. क्षार आणि सेंद्रिय अंश जवळपास शून्यावर आणणाऱ्या यंत्राचे पाणी लागते, तेही त्या दिवशीचे. बाटलीत दोन-चार दिवस राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात, डोळ्यांना काही दिसत नाही, पण कॉलमच्या तोंडाशी ते अडकतात. मिश्रण ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात आणि त्यातली हवा काढतात.

आम्ल कशासाठी, हे आपल्या घरातच कळते. हळदीत चुना पडला की लाल रंग येतो. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावताच तांबडा होतो. चुना आणि साबण अल्कधर्मी आहेत आणि अशा वातावरणात करक्युमिनचे रूप बदलते, ते टिकतही नाही. आम्लात ते शांत राहते, पीकही नीट सुबक येतो. तोच शर्ट उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो, कारण उजेडात करक्युमिन मोडते. म्हणूनच प्रयोगशाळेत हळदीचे द्रावण तपकिरी काचेत ठेवतात. खिडकीजवळ पांढऱ्या बाटलीत ठेवलेला नमुना संध्याकाळपर्यंत काही अंशी उडालेला असतो, आणि तो तोटा अहवालात शेतकऱ्याच्या नावावर जातो.

दाब बोलतो

यानंतर पंप. आधी पर्ज व्हॉल्व्ह उघडून कॉलमला वगळून जोरात द्रव सोडतात, म्हणजे नळ्यांतली हवा आणि आधीच्या कामाचा उरलेला द्रव निघून जातो. आदल्या दिवशी त्याच यंत्रावर दुसऱ्या कोणी फॉस्फेट बफर वापरला असेल तर इथे सावध राहावे लागते. बफरचे क्षार अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळत नाहीत, ते मिठासारखे खडे होऊन बसतात. त्यामुळे आधी नुसत्या पाण्याचे जास्त प्रमाण असलेल्या द्रवाने धुवायचे आणि मगच आपले मिश्रण आणायचे. ही एक पायरी वगळल्यामुळे वाया गेलेले कॉलम जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात सापडतील.

कॉलम जोडताना त्यावरच्या बाणाची दिशा बघतात. जोडणीत नळीचे टोक आत टेकले पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी पदार्थ तिथे घुटमळतो आणि पीक पसरतो. आवळायचेही बेतानेच. घट्ट आवळले म्हणजे चांगले बसले, असे इथे नाही.

मग प्रवाह हळूहळू वाढवत मिनिटाला १ मिलिलिटरवर आणतात. पडद्यावर दाबाचा आकडा दिसतो. अशा कॉलमला आणि अशा मिश्रणाला तो साधारण १०० बारच्या आसपास असतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज यावा. यात नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर आहे का, हे महत्त्वाचे. वरखाली नाचत असेल तर पंपात हवा आहे. हळूहळू चढत असेल तर कुठेतरी कचरा अडकतोय. नेहमीपेक्षा बराच कमी असेल तर कुठेतरी गळती आहे, मग जोडणीभोवती टिशू पेपर फिरवून ओल शोधायची. जुने हात पडद्याकडे न बघता पंपाच्या आवाजावरूनही सांगतात, पण वहीत आकडाच लिहावा लागतो.

आता थांबायचे. नव्या मुलांना हेच सगळ्यात अवघड जाते. कॉलमच्या आतली पोकळी अंदाजे अडीच मिलिलिटरची, आणि ती किमान दहा वेळा नव्या द्रवाने भरून वाहिली पाहिजे. म्हणजे मिनिटाला एक मिलिलिटरने पंचवीस मिनिटे, व्यवहारात अर्धा-पाऊण तास. डिटेक्टरचा दिवाही तेवढाच वेळ तापू द्यावा लागतो. कॉलमचे तापमान ३० अंशांवर धरून ठेवले असेल तर तेही स्थिरावले पाहिजे. एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी खोलीचे तापमान वेगळे, आणि तापमान बदलले की पीक सरकतात. वीज ये-जा करणाऱ्या गावांत यूपीएस नसेल तर हा सगळा तास पुन्हा पहिल्यापासून.

पडद्यावरची रेघ सपाट धावू लागली की यंत्र चालू झाले असे म्हणता येते. पण चालू झाले म्हणजे विश्वासाला पात्र झाले असे नाही.

पासंग बघायचा तो असा

वाण्याच्या दुकानात माल टाकण्याआधी रिकामा काटा मध्यावर आहे का, पारड्याला पासंग आहे का हे जुनी माणसे बघत. एचपीएलसीत त्यालाच सिस्टीम सुटेबिलिटी म्हणतात. आकडा खरा की खोटा याचा निकाल इथे लागतो.

प्रथम ब्लँक. ज्यात हळद नाही असा नुसता द्रव आत सोडायचा. करक्युमिनच्या जागी काहीच दिसायला नको. दिसले तर आधीच्या नमुन्याचा अंश सुईत किंवा नळीत राहिला आहे. रिकाम्या पारड्यात आधीच वजन पडल्यासारखे ते आहे.

मग स्टँडर्ड, म्हणजे शुद्धता माहीत असलेले करक्युमिन. तेच द्रावण एकामागून एक पाच किंवा सहा वेळा आत सोडतात. एकच वस्तू पाच वेळा तोलली तर पाचही वेळा वजन सारखे यायला हवे, तसेच हे. पीकच्या क्षेत्रफळाचे सापेक्ष प्रमाण विचलन २ टक्क्यांच्या आत असावे, अशी नेहमीची अट. बी.कॉम.च्या पुस्तकात स्टँडर्ड डेव्हिएशनचे गणित असते, तेच सरासरीने भागून टक्क्यांत मांडायचे. तीन वेळा सारखे आणि चौथ्यांदा एकदम कमी आले, तर सुई बुडबुडा ओढत असणार. अशा वेळी ते चौथे बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घेण्याचा मोह होतो. तसे केले की पासंग झाकला जातो, जात नाही. कारण शोधायचे, दुरुस्त करायचे आणि पाचही पुन्हा घ्यायचे.

यंत्र आणखी काही गोष्टी सांगते. दोन शेजारी पीक एकमेकांपासून पुरेसे वेगळे झालेत का, यासाठी रिझोल्यूशन नावाचा आकडा बघतात. तो दीडच्या वर असेल तर दोन पीक मुळाशी वेगळे झाले असे मानतात. हळदीत तीन भावंडे मिनिटा-मिनिटाच्या अंतराने येतात, तेव्हा हा आकडा विशेष जपावा लागतो. पीकचे शेपूट किती लांबले, हे टेलिंग. ते २ च्या वर जाऊ नये. शेपूट लांबले की पीक कुठे संपला हे यंत्र आपल्या मनाने ठरवते आणि क्षेत्रफळ बदलते.

सगळ्यात फसवी जागा मात्र यंत्रात नाही, बाटलीत आहे. बाजारात 'करक्युमिन' असे लेबल लावून मिळणारी भुकटी अनेकदा तिघा भावंडांचे मिश्रण असते. त्यात खरे करक्युमिन ७०-८० टक्केच असते. समजा ते ७७ टक्के आहे आणि कोणी ते १०० टक्के शुद्ध धरून हिशेब केला. यंत्र उत्तम आहे, पाचही वेळा आकडा जुळला आहे, रेघ सरळ आहे. पण ज्या हळदीत करक्युमिन २.० टक्के आहे, तिचा अहवाल २.६ येईल. वजनच खोटे असले तर काटा कितीही चांगला असून काय उपयोग? म्हणून स्टँडर्डच्या प्रमाणपत्रावरची शुद्धता आणि त्यातला ओलावा हिशेबात धरावाच लागतो.

स्टँडर्ड एकाच तीव्रतेचे घेऊन भागत नाही. १०, २०, ३०, ४०, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशा पायऱ्या करून त्यांचा आलेख काढतात. तो सरळ रेषेत आला पाहिजे आणि नमुन्याचा आकडा त्या पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी पडला पाहिजे.

आता हळद

इतके झाल्यावर हळदीची पाळी येते. उदाहरणादाखल हिशेब असा : अर्धा ग्रॅम पूड मिथेनॉलमध्ये काढून ५० मिलिलिटर केली. हळदीत करक्युमिनॉइड्स ३ टक्के असतील तर त्यात १५ मिलिग्रॅम उतरले, म्हणजे मिलिलिटरला ३०० मायक्रोग्रॅम. हे आलेखाच्या फार वर जाते. म्हणून १ मिलिलिटर घेऊन १० करायचे, मग ३० वर येते, बरोबर मध्यावर. पातळ करताना मोबाईल फेजच वापरलेला बरा. नुसत्या मिथेनॉलमध्ये नमुना सोडला तर तो कॉलमच्या तोंडाशी नीट बसत नाही आणि पीक फाटल्यासारखा दिसतो.

दर काही नमुन्यांनंतर मध्येच पुन्हा स्टँडर्ड सोडतात. सकाळी काटा बरोबर होता, पण दुपारी तीनलाही आहे का, हे बघायला नको?

तीन पीक वेगळे दिसण्याचा एक फायदा व्यापाऱ्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे. नैसर्गिक हळदीच्या अर्कात तिन्ही भावंडे असतात. कोणी कारखान्यात बनवलेले कृत्रिम करक्युमिन मिसळून आकडा फुगवला तर एकच पीक उंच दिसतो आणि बाकीचे दोन त्या मानाने खुरटे राहतात. नुसत्या टक्केवारीत हे कळत नाही, चित्रात कळते. पण हे यंत्र सगळेच पकडते असेही नाही. हळकुंडाला चकाकी आणण्यासाठी लावला जाणारा लेड क्रोमेट या द्रावणात उतरत नाही आणि या पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी शिशाची चाचणी वेगळी मागावी लागते. करक्युमिन चांगले आले म्हणजे हळद निर्भेळ, हा समज चुकीचा आहे.

अहवाल हातात आल्यावर

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर भांडण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत. पहिली गोष्ट, आकडा आहे त्या मालावर आहे की कोरड्या वजनावर? हळदीत १० टक्के ओलावा असेल तर आहे त्या मालावरचे २.७ आणि कोरड्या वजनावरचे ३.० हे एकच उत्तर आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हळद पुडीसाठी करक्युमिनॉइड्सची किमान २ टक्क्यांची अट ठेवली आहे, तीही कोरड्या वजनावर. दुसरी गोष्ट, कागदावर 'करक्युमिन' लिहिले आहे ते तिघांची बेरीज आहे की एकट्याचे? तिसरी, पद्धत कोणती? रंगमापकाचा आकडा आणि एचपीएलसीचा आकडा एकमेकांशी तोलायचे नसतात.

आणि नमुना. एका पोत्याच्या वरच्या थरातून मूठभर हळकुंडे उचलून दिली, दुसऱ्या वेळी गड्डा दिला, तर फरक यंत्राच्या माथी मारता येणार नाही. बऱ्याच पोत्यांतून थोडे थोडे घेऊन, एकत्र दळून, त्याच पुडीचे दोन भाग करून दोन ठिकाणी द्यावेत. मग तुलना करावी.

पैसे भरून चाचणी करणाऱ्याने अहवालासोबत क्रोमॅटोग्राम, म्हणजे ते पीकांचे चित्र, मागायला संकोचू नये. त्या दिवशीच्या सिस्टीम सुटेबिलिटीचे आकडेही विचारावेत. चांगली प्रयोगशाळा ते लगेच काढून देते, कारण ते तिच्याकडे नोंदवलेले असतातच.

दिवस संपला तरी यंत्राचे काम संपलेले नसते. कॉलम आधी पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणाने आणि मग अॅसिटोनायट्राइल जास्त असलेल्या मिश्रणाने धुतात, दोन्ही टोकांना बूच लावतात. दिवा बंद करतात. वहीत लिहितात : आज कोणता कॉलम, किती इंजेक्शने, सुरुवातीचा दाब किती, शेवटचा किती. उद्या सकाळी येणारा माणूस बाटल्यांकडे वळण्याआधी हीच ओळ वाचतो.